नमुना एक

नाव लिहून झालं: कोकिळा हिलाल पाटील.
वय सत्तेचाळीस. रक्तगट बी पॉझिटिव्ह.
वाहन तेच, पांढरी ओम्नी,
मागे अकरा पोरं, अकरा डबे
आणि एक दार, जे फक्त मलाच उघडतं.

नंदुरबारच्या परिवहन कार्यालयाबाहेर
लिंबाखाली एजंट खुर्ची सरकवून देतो.
"प्रश्न वाचत बसू नका ताई, खाली सगळीकडे 'नाही'.
डॉक्टरचा शिक्का तयार आहे माझ्याकडे."
चहा मागवतो. मी म्हणते, बिनसाखरेचा.
त्याचं पेन थांबतं. तो माझ्याकडे बघतो,
मग बघितलंच नाही असं करतो.

मी प्रश्न वाचते.
अपस्मार आहे का. अचानक बेशुद्धी,
कोणत्याही कारणाने चक्कर?

कोणत्याही कारणाने.
दोनच शब्द, पण फाटकासारखे आडवे.

फाटक असंच पडलेलं होतं माघात.
सुरतेकडून मालगाडी,
पोरं डबे मोजत होती मोठ्याने,
बत्तीस, तेहेतीस,
पलीकडे पथारींवर मिरची वाळत होती,
वारा आला की आख्ख्या गाडीला शिंका.
मीही मोजत होते पोरांबरोबर.
सकाळी सुई घेतली होती,
भाकर मात्र डब्यातच राहिली होती.
चौतीसनंतर काय येतं
मला आठवेना.
पथारींचा लाल रंग आधी हलला, मग पातळ झाला,
पाठीला गार घाम,
आणि गिअरवरचा हात
कुणा दुसऱ्याच बाईचा.

फाटक उघडलं. मागून हॉर्न.
मी किल्ली फिरवली, बंदच्या बाजूला.
तेवढंच सुचलं.
त्याचा मला अजून अभिमान आहे,
कुणाला सांगता येत नाही असा.

"मावशी, तू रडतेस?" आर्वी पाडवीने विचारलं.
आर्वी दुसरीत. तिच्या वाढदिवसाचं चॉकलेट
मी घेतलं नव्हतं. "माले गोड चालत नही, बेटा."
तिने ते समोरच्या कप्प्यात टाकलं होतं,
"मग चालेल तेव्हा खा."
त्या कप्प्यात तीन वर्षांचे वाढदिवस पडून होते,
उन्हाळ्यात वितळलेले, थंडीत परत घट्ट झालेले,
आकार गेलेले.
मी चार खाल्ले. एखादा कागदासकट.
मागच्या रिक्षावाल्याने आई काढली.
अकरा पोरं गप्प बसली,
त्या गाडीत ते एकदाच झालंय.

घरी सांगितलं नाही.
पोरांनी आपापल्या घरी सांगितलं असेल,
पण पोरांचं कोण ऐकतं.

"ताई, 'हो' लिहिलं की फाईल अडकते बघा."
एजंट वाईट माणूस नाही.
त्याच्या आईलाही आहे म्हणाला, पायाचं बोट काढलं दिवाळीत.
गाडीचा हप्ता सात तारखेला असतो, हे त्याला माहीत नाही,
तरी माहीत असल्यासारखं बोलतो.

पुढचे प्रश्न सोपे.
पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते? येते.
रात्रीचं दिसतं? दिसतं.
मी परत वर आले.
रकान्यात जागा अर्ध्या बोटाएवढी.
त्यात बारीक अक्षरात लिहिलं:
हो. एकदा. गाडी बंद केली होती.

एजंटने पेन मागून घेतलं.
शिक्का त्याने मारला नाही,
म्हणाला, खऱ्या डॉक्टरकडे जा मग.
चहाचे पैसेही घेतले नाहीत.

खऱ्या डॉक्टरने तीन महिन्यांची वही मागितली,
रोजची साखर, स्टिअरिंगला हात लावायच्या आधीची.
वही नव्हती. बाजारातून आणली,
मुखपृष्ठावर मोर आहे.

संध्याकाळी आर्वीच्या आईचा फोन.
"उद्या गाडी येणार ना?"
येणार. हिलाल चालवतील,
मिरचीच्या गाळ्यावर उशिरा जातील थोडे दिवस.
ते गिअर खडखडवतात, वळणावर बडबडतात,
आणि ते दार त्यांना उघडत नाही.

म्हणून मी मागे बसेन, दाराशी,
दप्तरांच्या ढिगात, मांडीवर वही.
फाटक पडलं
तर पहिल्या डब्यापासून मोजीन.